रात्री झोप लागते का?

४ जून

मामा,

आधी चष्मा शोधा, मग पत्र वाचा. तो बहुतेक कपाळावरच असेल.

मी नीट पोचले. खोली लहान आहे, पण खिडकी मोठी. समोर लाँड्री आहे, त्यामुळे दिवसभर गरम इस्त्रीचा वास येतो आणि खाली चादरींचे गठ्ठे चढताना-उतरताना दिसतात. मामीशी फोनवर बोलते तेव्हा ती माझं प्रत्येक वाक्य तुम्हाला ओरडून सांगते आणि तुम्ही भलतंच उत्तर देता, ते इकडे मला सगळं ऐकू येतं. बसच्या इंजिनाने तुमचे कान खाल्ले, त्याला काय करणार. तुमच्याशी आपलं पत्रच बरं.

आता अभ्यासाचं. तुम्ही गल्लीत सांगत सुटला आहात म्हणे, की भाची मालिशची मोठी डॉक्टर व्हायला गेली. मालिश नाही हो मामा. फिजिओथेरपीची पदवी झाली, त्यावरची पदवी झाली, आता हे त्याच्याही वरचं. मणके आणि सांधे हाताने तपासायचे, कुठला अडकलाय ते बोटांनी ओळखायचं आणि हातानेच मोकळा करायचा. वर्षभर सकाळी दवाखान्यात खरे रुग्ण, दुपारी वर्गात एकमेकांच्या पाठी.

आमच्या बाई दिसायला एवढ्याशा, पण आवाज शिटीसारखा. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला काहीच करू दिलं नाही. जोडीदाराच्या पाठीवर हात ठेवायचा आणि नुसता ठेवायचा. दाबायचं नाही, चोळायचं नाही, काही शोधायचंसुद्धा नाही. माझे हात नुसते शिवशिवत होते. बाई म्हणाल्या, "तुमचे हात फार बडबड करतात. आधी त्यांना गप्प बसायला शिकवा." संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे खांबासारखे उभे होतो.

माझ्या वाट्याला आलेला जोडीदार हाडकुळा आहे आणि त्याला गुदगुल्या होतात. हात लावला की खिदळतो. तुमच्या पाठीची फार आठवण येते. कॉलेजची सगळी वर्षं मी त्याच पाठीवर शिकले. तुम्ही चटईवर पालथे पडून पेपर वाचायचात आणि मी मणके मोजताना चुकले की बातमी अर्धवट सोडून म्हणायचात, "पुन्हा मोज."

पाठ कशी आहे? खरं लिहा.

तुमची,
कंडक्टर


१९ जून

चि. कंडक्टर,

चष्मा कपाळावर नव्हता. मामीच्या डोळ्यांवर होता. तिने तुझं पत्र माझ्याआधी वाचलं आणि मग मला तोंडी सांगितलं, म्हणजे मला काहीच कळलं नाही.

शेजारचा नवीन भाडेकरू विचारत होता, भाचीला कंडक्टर का म्हणता. म्हटलं, ही एवढीशी होती तेव्हा शाळा सुटली की माझ्या बसमध्ये येऊन बसायची आणि घंटेची दोरी तिच्याच हातात असायची. एक घंटा थांबा, दोन घंटा चला. खरा कंडक्टर बिचारा तिकिटं फाडायचा, बस तूच चालवायचीस.

पाठ म्हणशील तर कमरेच्या जरा वर धरली आहे. मामीने कपाट सरकवायला लावलं, त्याचं निमित्त. गाडी जुनी झाली की खडखडाट होणारच. एखादा व्यायाम असेल तर लिही.

एक मात्र सांगतो. ही जागा तुला कशी मिळाली ते मी पाहिलंय. मागच्या खेपेला नाव लागलं होतं, आणि तू ते सोडून तुझ्या आईच्या उशाशी येऊन बसलीस. ताई गेली, जागाही गेली. तुझं चुकलं असं कोणी म्हणणार नाही, मी तर नाहीच. पण ह्या वेळी डोळे पुढे रस्त्यावर ठेव. सारखं आरशात मागचं बघणाऱ्याची गाडी खड्ड्यात जाते.

आशीर्वाद.
मामा


२ ऑगस्ट

मामा,

दोन महिने व्हायला आले आणि पाठ अजून धरलेलीच, असं मामी फोनवर म्हणाली. मग व्यायाम सांगण्याआधी प्रश्न विचारायला हवेत. बाईंचा नियमच आहे, हात नंतर, प्रश्न आधी. काही पाठी आमच्या नसतातच. दुखते पाठ, पण आत दुसरंच काही शिजत असतं, गाठ असते, मणका पोखरलेला असतो. तिथे आपण दाबायला गेलो तर होत्याचं नव्हतं होतं. अशा खुणांना आम्ही रेड फ्लॅग म्हणतो. तुमच्या भाषेत लाल सिग्नल.

तुम्हाला ते तोंडपाठ आहेत. परीक्षेच्या आधी मी प्रश्न विचारायची आणि तुम्ही रुग्णाचं नाटक करायचात. एकदा तुम्ही कण्हत कण्हत म्हणालात, "रात्री दुखण्याने जाग येते हो डॉक्टरीणबाई," आणि मी तशीच पुढच्या प्रश्नावर गेले. तेव्हा तुम्ही उठून बसलात आणि मला पुन्हा पहिल्यापासून विचारायला लावलंत. आता मात्र नाटक नको.

रात्री झोप लागते का? दुखण्याने जाग येते का? कूस बदलली की आराम पडतो का? वजन उतरलंय का? बारीक ताप? पायाला मुंग्या, पायातली शक्ती गेल्यासारखं, लघवीला अडचण?

पत्रातून पाठ तपासणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, कळतंय मला. पण तुम्ही इतर कोणाकडे जाणार नाही हेही कळतंय.

कंडक्टर


११ ऑगस्ट

चि. कंडक्टर,

उत्तरं तुझ्या क्रमाने देतो.

रात्री मढ्यासारखा झोपतो. मामीला विचार हवं तर. नाही, तिला नको विचारूस, ती माझ्या घोरण्याचं रडगाणं लावील. जाग येत नाही. कूस बदलली की बरं वाटतं, बसून उठलो की धरतं, चाललो की सुटतं. ताप नाही. मुंग्या नाहीत. शक्ती आहे तेवढीच आहे, आधी तरी कुठे पैलवान होतो. लघवी वेळेवर, बससारखी नाही.

वजनाचं म्हणशील तर पोट जरा आत गेलंय. चहातली साखर बंद केली त्याचा प्रताप. पट्ट्याला भोकं कमी पडली, मग खिळा ठोकून एक नवीन पाडलं. मामीला म्हटलं, बघ, लग्नातला नवरा परत आणला.

झालं समाधान? आता व्यायाम पाठव आणि तुझ्या अभ्यासाला लाग.

मामा


३ ऑक्टोबर

मामा,

तुमची उत्तरं वाचून जीव भांड्यात पडला. चालल्यावर सुटतं म्हणजे नुसती धरलेली पाठ. लगेच व्यायामांची चित्रं पाठवली होती ती करताय ना? पालथं झोपून छाती उचलायची, तो रोज करा. सुरुवातीला दुखेल, सोडू नका. आणि नव्या भोकाबद्दल अभिनंदन. म्हातारपणी ऐट बघा माणसाची.

इथली गंमत सांगते. वर्गात प्रत्येकाने एक केस मांडायची होती. मी तुमची मांडली, नाव न सांगता. प्रश्न, उत्तरं, व्यायाम, सगळं. मला वाटलं शाबासकी मिळेल. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "तुझा रुग्ण फार छान उत्तरं देतो."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माणसं अशी उत्तरं देत नाहीत. माणूस म्हणतो, हो म्हणजे तसं नाही, पण काल जरा झालं होतं. हा एकदाही अडखळलेला नाही. कोण आहे हा?"

मला राग आला. सांगून टाकलं, माझे मामा आहेत, आई गेल्यावर त्यांनीच मला सांभाळलं, आणि ते माझ्याशी खोटं बोलत नाहीत. बाई म्हणाल्या, "मग तर दुसऱ्या कोणीतरी तपासायला हवं." आणि लगेच पुढच्या मुलीला उठवलं. हात सोन्याचे आहेत बाईंचे, पण माणसं कळत नाहीत त्यांना, तुम्हीच सांगा.

तरी त्यांच्या समाधानासाठी एकदा डॉक्टरांना दाखवून या. डिसेंबरात आठवड्याची सुट्टी आहे. मी येते, स्वतःच बघते.

कंडक्टर


१४ नोव्हेंबर

चि. कंडक्टर,

बाई हुशार दिसतात. त्यांचं सगळं ऐक, माझं सोडून.

डॉक्टरांना दाखवलं. वय झालं म्हणाले. सुट्टीत येऊ नकोस. तिथेच राहा, हात पक्का कर. मधल्या थांब्यावर उतरलेल्याला पुढची गाडी मिळेलच असं नसतं, हे तुला मी सांगायला नको.

अक्षर वाकडं आलंय, खुर्चीत बसून मांडीवर लिहितोय म्हणून. व्यायाम चालू आहेत. मामी जेवायला हाका मारते आहे, तेवढ्या मला ऐकू येतात.

मामा


८ जानेवारी

बाळ,

मी कधी पत्र लिहीत नाही, हे तू जाणतेस. फोनवर बोलता येत नाही, हे समोर बसलेले असतात आणि ऐकू नाही आलं तरी माझ्या तोंडाकडे बघून ओळखतात. म्हणून शेजारणीच्या घरी बसून लिहिते.

तू सुट्टीत येशील म्हणून मी वाट बघत होते. आली नाहीस. अभ्यास आहे, मला समजतं. पण आता काय करायचं ते मला कळेनासं झालंय. हे पावसाळ्यापासून अंथरुणावर झोपलेले नाहीत. आडवं झालं की कळ येते म्हणून खुर्चीत बसून रात्र काढतात. अन्न जात नाही. अंगावरचा सदरा खांद्यावरून खाली येतो. मी किती वेळा म्हटलं मोठ्या दवाखान्यात चला. म्हणतात, "कंडक्टरला सगळं लिहिलंय. तिच्या बाईंनीही ऐकलंय. ती सांगेल तसंच करायचं." मग माझी काय बिशाद. घरातली एवढी शिकलेली मुलगी सांगते आहे म्हटल्यावर मी कोण बोलणार?

फोनवर मी तुला विचारायची, ह्यांच्या पाठीचं काय गं, तेव्हा तूही म्हणायचीस, पत्रात सांगितलंय त्यांना सगळं. मला वाटलं झालं तर मग, तुझं लक्ष आहे.

तू पाठवलेला तो पालथं झोपून छाती उचलायचा व्यायाम आता बंद करू का? करताना ओठ चावून रक्त काढतात. मी म्हटलं नका करू, तर म्हणाले, तिने विचारलं तर काय लिहू. मीही मग म्हटलं, ती म्हणते आहे तर करा. काल उजवा पाय उचलेना. रागावू नकोस, तुझं काही चुकत असेल असं मला म्हणायचं नाही. फक्त सांग, आता पुढे काय करायचं.

मामी


२३ जानेवारी

मामा,

तुमच्या पलंगाशेजारी बसून हे लिहिते आहे. मोठ्याने बोलले तर सगळा वॉर्ड ऐकेल आणि तुम्हाला ऐकू येणार नाही. वाचून झालं की मागच्या बाजूला लिहा. पेन उशीखाली ठेवलंय.

पाठीचे फोटो मी पाहिले. तीन मणके पोखरले गेलेत आणि गाठीची सुरुवात तिथली नाहीच. मोठे डॉक्टर म्हणाले, पावसाळ्याच्या सुरुवातीला आले असते तर थोडी वर्षं हाताशी होती. आता आठवडे. तुम्हाला हे माझ्याकडूनच ऐकायचं होतं ना, मग वाचा. डॉक्टरांना दाखवलं म्हणालात, तेही खोटं. तुमचा पहिला कागद ह्याच दवाखान्यातला, आठवड्यापूर्वीचा आहे, त्याआधी कुठल्याच डॉक्टरचा नाही.

मी तुम्हाला सहा प्रश्न विचारले. सहाही खोटी उत्तरं दिलीत. मामीला सांगितलंत मला माहीत आहे, मला सांगितलंत काही नाहीच. आम्ही दोघी फोनवर बोलत होतो आणि तुम्ही मधे बसून दोघींना बनवत होतात. आणि पोखरलेल्या मणक्यांवर माझा व्यायाम करत राहिलात. का केलंत? मी कोणाचं वाईट केलं होतं?

मला तुमचा इतका राग आलाय की रडूसुद्धा येत नाही.


(मागच्या बाजूला)

कंडक्टर,

रागावलीस की अक्षर सुंदर येतं तुझं. शाळेतही असंच होतं.

खरं सांगतो. तू गेलीस त्याच आठवड्यात रात्रीची जाग यायला लागली होती. मग तुझं प्रश्नांचं पत्र आलं. एकेक वाचत गेलो, तर सहाही दिवे लाल होते. खरं लिहिलं असतं तर तू त्याच दिवशी गाडीत बसली असतीस. ताईच्या वेळी मी ते बघितलंय. आई गेली आणि पोरगी दोन वर्षं रिकाम्या हातांनी घरात फिरत होती. ते पुन्हा बघवलं नसतं. म्हणून तूच शिकवलेली निरोगी माणसाची उत्तरं लिहून टाकली. पाठांतर तुझ्यामुळेच पक्कं होतं.

सगळी नोकरी एक सिग्नल तोडला नाही. हे मात्र एकदम सहा तोडले. वाटलं होतं, रेटून वर्ष निघेल, मग तुझी परीक्षा झाली की सांगू. नाही निघालं.

व्यायाम करायला नको होता, पण नाही केला म्हणून लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, का नाही केला. एक खोटं सांभाळायला दहा लागतात. तुझा त्यात काही दोष नाही, हे मी लिहून देतो. तुझ्या मामीची माफी मागितली. तिने दिलेली नाही. बरोबर आहे तिचं.

मला भीती वाटते गं. हे तुला सांगतो, तिला सांगत नाही.

पाठीला आता काही करू नकोस. पण तो पहिल्या दिवशीचा धडा, हात नुसता ठेवायचा, तो अजून येतो का तुला? तेवढा ठेव.


३० मे

मामी,

पास झाले. हे आधी सांगते, नाहीतर तू पत्राचा शेवट आधी वाचशील.

बाईंनी माझी जागा धरून ठेवली होती. मी गेले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी एक टेबल रिकामं करून दिलं. मला वाटत होतं, "मी सांगितलं होतं," असं म्हणतील. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

खरं तर मी परत येणारच नव्हते. मामा गेल्यावर तुला एकटीला टाकून कुठली परीक्षा आणि काय. पण मी पिशवी घेऊन रिक्षात बसून पुन्हा उतरायला लागले, तेव्हा तू रिक्षाच्या टपावर दोनदा थाप मारलीस. रिक्षावाल्याला वाटलं त्यालाच म्हणते आहेस, त्याने गाडी काढली. हे कधी शिकलीस गं तू? मी वळणापर्यंत रडत होते.

परीक्षेचं सांगते. अनोळखी रुग्ण देतात, आपण विचारायचं, तपासायचं, उपचार करायचे, आणि बाई आणि बाहेरचे दोन परीक्षक भिंतीशी बसून बघतात. मला आला तो एका इमारतीतला लिफ्टमन. साठीचा, गोल चेहऱ्याचा, टोपी हातात घेऊन. पाठ धरली आहे म्हणाला. मी विचारलं, रात्री झोप लागते का?

तो म्हणाला, "मढ्यासारखा झोपतो."

अगदी तेच शब्द. मामी, माझ्या तोंडून पुढचा प्रश्नच येईना. परीक्षक कागदावरून मान वर करून बघायला लागले. तो बिचारा घाबरला, म्हणाला, "काय झालं ताई, वाईट आहे का काही?" मी विचारलं, तुमच्याबरोबर कोण आलंय. बायको बाहेर बाकावर बसली होती. तिला आत बोलावलं. परीक्षेत असं कोणी करत नाही. मी त्याला पडद्याआड बसवलं आणि तिला वेगळं विचारलं, हे रात्री झोपतात का. ती म्हणाली, "ते झोपतात हो, मला नाही झोप, एवढे घोरतात."

तरी माझं समाधान होईना. पडदा सारून म्हटलं, काका, जरा पट्टा दाखवा.

तो लाजला. त्याला वाटलं मी काहीतरी भलतंच म्हणते आहे. परीक्षकांपैकी एक जण खाकरले. बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला, हे मी बघितलं. मग त्याने सदरा वर केला. जुना पट्टा होता, एकाच भोकापाशी चामडं तडकलेलं, वर्षानुवर्षं तिथेच लावलेला. सगळी भोकं गोल होती. खिळ्याने पाडलेलं एकही नव्हतं.

तो खरंच झोपत होता गं, मामी. त्याची पाठ नुसती धरली होती. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच वेळी असं वाटलं की हीच उत्तरं मामांचीही खरी असायला काय हरकत होती. कोणाचं काय बिघडलं असतं?  मग त्याला पालथं झोपायला सांगितलं.

पाठीवर हात ठेवला. मामांच्या पाठीवर शेवटचे दिवस ठेवायची तसा. तेव्हा तू विचारायचीस, ह्याने काय होतं, आणि मला सांगता यायचं नाही. हात ठेवला की त्यांना डोळा लागायचा, तेवढंच आपल्या दोघींना माहीत आहे.

लिफ्टमन वाट बघत होता. थोड्या वेळाने टेबलात तोंड घालूनच त्याने विचारलं, "सुरू केलं का हो ताई?"

म्हटलं, हो काका, केलं.

तुझी,
कंडक्टर